उजव्या बाजूचा खिसा

शर्टाची कॉलर झाली होती, एक बाही झाली होती. दुसरी बाही टेबलावर पसरून फोटोताईने इस्त्री उचलली आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. पलीकडे डोळ्यांच्या हॉस्पिटलचे व्यवस्थापक होते.

"ताई, असाल तशा निघा," ते म्हणाले. "डॉक्टरीणबाईंनी आजची सगळी ऑपरेशनं थांबवली आहेत. पेशंट बाकांवर बसलेत. घरी जायला तयार नाहीत आणि आत यायलाही तयार नाहीत."

"अहो, पण झालं काय?"

"तुमचा तो फ्लेक्सवरचा फोटो. घड्याळजींचा. या तुम्ही, समोरच बोलू."

तिने इस्त्रीचं बटण बंद केलं आणि ओढणी शोधायला लागली. सासूबाई खिडकीशी भाजी निवडत बसल्या होत्या. सुनेच्या चेहऱ्याचा रंग उडालेला त्यांनी पाहिला, पण विचारलं ते शर्टाचंच.

"अगं, आणि हा अर्धाच राहिला?"

"आल्यावर करते, आई."

"आल्यावर कर हो. नाहीतर तो तसाच घालून जायचा आणि लोक म्हणायचे, बायको एका बाजूनेच रुसली आहे."

एरवी ती हसली असती. आज तिने नुसत्या चपला घातल्या आणि निघाली.

हिला फोटोताई म्हणायला आधी हॉस्पिटलातल्या सिस्टरांनी सुरुवात केली, मग पेशंटांनी आणि शेवटी थट्टेने का होईना, सासूबाईंनीही. हॉस्पिटल एका संस्थेचं होतं. बाजाराच्या रस्त्याच्या टोकाला दोन मजली इमारत, खाली तपासणी, वर ऑपरेशन थिएटर, आणि सगळा भार एकट्या डॉक्टरीणबाईंवर. कुणाच्या तरी निरोपसमारंभाचे फोटो काढायला म्हणून फोटोताई तिथे गेली होती ती तिथलीच झाली. पेशंट घरी निघाला की त्याला विचारून त्याचा फोटो काढायचा, तो सरळ करायचा, उजळायचा, हॉस्पिटलच्या पेजवर टाकायचा, फाटकावरच्या फ्लेक्सवर लावायचा, अहवालात छापायला द्यायचा. पेजवर कुणी वाकडंतिकडं लिहिलं तर त्याला गोड शब्दांत उत्तर द्यायचं. व्यवस्थापक या कामाला 'संस्थेची प्रतिमा जपणं' म्हणत. सासूबाई म्हणत, "म्हणजे लोकांची तोंडं पुसून त्यांना चारचौघांत उभं करायचं. आम्ही पोरांचं हेच फुकट केलं."

हे काम ती लग्नाआधी एका जुन्या स्टुडिओत शिकली होती. स्टुडिओवाले काका मोठे कडक. डोक्यावर जागा सोड, क्षितिज तिरकं ठेवू नकोस, आणि चेहरा कायम पानाच्या आत बघायला हवा. "चेहरा बाहेर बघायला लागला की वाचणाराही त्याच्या मागोमाग पानाबाहेर जातो, पोरी," असं ते रोज एकदा तरी म्हणत. त्यांची शिस्त तिच्या बोटांत इतकी मुरली होती की फोटो समोर आला की बोटं आपली आपण चालू लागत. काय काय केलंस, असं नंतर विचारलं असतं तर तिला सांगताही आलं नसतं. वरण ढवळताना आपण हात कोणत्या दिशेने फिरवतो हे कुठे कुणाला आठवतं?

तिची एक सवय मात्र तिची स्वतःची होती. संगणक उघडताना ती क्षणभर डोळे मिटायची आणि मनात म्हणायची, देवा, माझ्या हातून कुणाचं वाईट दिसू नये.

त्या दिवशी रस्त्याने जाताना तिला वाटलं, देवाने नेमकं हेच मागणं ऐकलं नाही.

हॉस्पिटलच्या फाटकाशी दहा-पंधरा माणसं फ्लेक्सकडे बोट दाखवत उभी होती. फ्लेक्सवर घड्याळजी हसत होते. पांढऱ्या भिंतीपुढे उभा, पिकल्या मिशीचा, चट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेला माणूस. मान किंचित वळलेली आणि उजव्या डोळ्यावर पट्टी. शेजारी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आता जग स्वच्छ दिसेल.'

"स्वच्छ दिसेल म्हणे," एक भाजीवाली दुसरीला सांगत होती. "अगं, त्यांचा खराब डोळा डावा. सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. उजव्या डोळ्याला ते भिंग लावून घड्याळं उघडतात. चांगला डोळाच कापला की यांनी."

"म्हणून तर दुकानाला कुलूप आहे."

"मग? दिसतच नसेल बिचाऱ्याला."

फोटोताई मान खाली घालून आत शिरली.

व्यवस्थापकांच्या खोलीत पंखा फिरत होता तरी त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी सगळं सांगितलं. घड्याळजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी ते घरी गेले. जाताना तिने फोटो काढला. फ्लेक्स लागला आणि कुणाच्या तरी लक्षात आलं की पट्टी भलत्याच डोळ्यावर आहे. तिथून बाजारभर तिखटमीठ लावून गोष्ट फिरली. घड्याळजी मोबाइल बाळगत नव्हते. ते आराम करायला मुलीकडे गेले होते एवढंच शेजारच्या चप्पलवाल्याला माहीत होतं. कुठल्या गावी, ते त्यालाही नाही.

"पण फाइल बघा ना," फोटोताई म्हणाली. "फाइलमध्ये काय आहे?"

"डावा," असा आवाज दारातून आला. डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. एरवी त्यांच्या चालीला वारा असे. आज त्या दाराच्या चौकटीला टेकल्या होत्या. "फाइलमध्ये डावा. सिस्टर म्हणतात डावा. मला आठवतो तोही डावा. आणि फोटोत उजवा."

"मग फाइलच खरी, बाई."

"फाइल आम्हीच लिहितो, ताई. सकाळी एकदा चुकीचं मनात बसलं की हात आणि कागद दोन्ही त्याच वाटेने जातात. मी शिकत होते तेव्हा एका मोठ्या सरांच्या हातून असं झालेलं पाहिलंय. तेही असेच ठाम होते." त्या थांबल्या. "फोटो तुम्ही काढला. तुम्हाला काय आठवतं?"

फोटोताईला सगळं आठवत होतं. घड्याळजींनी विचारलं होतं, "हसू केव्हा सांग, एका डोळ्याने तुझा अंदाज येत नाही." त्यांच्या मनगटावर घड्याळ नाही हे पाहून तिने चेष्टा केली होती आणि ते म्हणाले होते, "हलवाई कुठे मिठाई खातो?" एवढं सगळं आठवत होतं. पट्टी कुठल्या डोळ्यावर होती ते तेवढं आठवत नव्हतं.

"नाही आठवत, बाई."

"मग फोटोच खरा धरायला हवा," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "फोटोला कशाला काही वाटतंय? घड्याळजी डोळ्यांनी समोर दिसेपर्यंत मी कुणाच्या डोळ्याला हात लावणार नाही."

"अहो बाई, असं थिएटर बंद ठेवलं तर लोक म्हणतील, चूक कबूलच केली," व्यवस्थापक म्हणाले.

"म्हणू देत. माझाच माझ्या हातावर विश्वास नाही, तर दुसऱ्याने का ठेवावा?"

त्या निघून गेल्या. बाहेरच्या बाकावर एक म्हातारी आपल्या मुलाला विचारत होती, "अरे, माझा कुठला डोळा ते त्यांना परत एकदा सांगून ये की." मुलाने तिचा हात धरला आणि तिला उठवून घरी नेलं. तिच्या मागोमाग आणखी दोघं उठले.

"मूळ फोटो घरी असेल तुमच्याकडे," व्यवस्थापक म्हणाले. "त्याच्यावर दिवस-वेळ काहीतरी असतं ना? आणा तो. निदान आपल्याला तरी काय ते कळू दे."

ती घरी आली तेव्हा दुपार झाली होती. आल्या आल्या तिने लॅपटॉप उघडला. घड्याळजींचा फोटो एकच होता, फ्लेक्सवर गेलेला, सजवून ठेवलेला. कॅमेऱ्याचं कार्ड तर ती दर आठवड्याला पुसून स्वच्छ करायची. पसारा तिला खपत नसे, घरातही आणि संगणकातही. आज त्या टापटिपीचा तिला राग आला. तिने एकेक फोल्डर उघडून पाहिलं, कचऱ्याची टोपली उघडून पाहिली. तीही तिने रिकामी केलेली होती. डोक्याला हात लावून ती टेबलाशी बसून राहिली. डोळे भरून आले.

सासूबाई आल्या, तिच्यासमोर ताट ठेवलं आणि गेल्या नाहीत.

"रडून झालं की सांग. मी इथेच आहे."

तिने सांगितलं. सासूबाईंनी मधे एकदाही तोंड उघडलं नाही आणि त्या घरात ही गोष्ट साधी नव्हती.

"त्या बाईने माझे दोन्ही डोळे केलेत," शेवटी त्या म्हणाल्या. "मी आता सुईत दोरा ओवते. ती असं करणार नाही."

"फोटोत आहे ना पण, आई."

"मग देव बघून घेईल. तू चार घास खा. आणि खायचं नसेल तर तो शर्ट उरक, नुसती बसू नकोस. हात चालले की डोकं गप्प बसतं."

तिने ताट बाजूला सरकवलं आणि इस्त्री लावली. टेबलावर एका बाजूला लॅपटॉप उघडा होता, घड्याळजी हसत होते. दुसऱ्या बाजूला नवऱ्याचा शर्ट. राहिलेली बाही झाली. मग पाठ. मग तिने शर्ट उलथून पुढची बाजू वर घेतली, बटणं लावली, आणि इस्त्रीचं टोक खिशाच्या कडेने जपून फिरवलं. खिशाशी ती नेहमी हळू जाई, तिथली शिवण उसवली होती. शर्ट हँगरला लावून तिने लॅपटॉपच्या मागे खुंटीवर अडकवला.

आणि तिचा हात तसाच वर राहिला.

शर्टाचा खिसा एका बाजूला होता. घड्याळजींचा दुसऱ्या बाजूला.

तिने हँगर काढून घेतला, शर्ट स्वतःच्या छातीशी धरला. खिसा डावीकडे, काळजावर. सगळ्या पुरुषांच्या शर्टांचा तिथेच असतो. फोटोत घड्याळजींचा खिसा उजवीकडे होता. तिने फोटो मोठा केला. बटणांची पट्टीही उलटी, डावी वर हवी तर उजवी वर आलेली. जगात कुठल्या शिंप्याने असा शर्ट शिवला असता?

"आई," ती म्हणाली. "आई, हा फोटो उलटा आहे."

"उलटा कसा? डोकं वर तर आहे."

"तसा नाही. आरशात दिसतो तसा. मीच केलाय उलटा."

फ्लेक्स रचताना अक्षरं एका बाजूला होती आणि मूळ फोटोत घड्याळजींची मान दुसरीकडे वळलेली. चेहरा पानाबाहेर बघत होता. तिच्या बोटांनी काकांची शिस्त पाळली. एक बटण दाबलं, फोटो पलटला, चेहरा आत बघायला लागला. फोटोबरोबर पट्टी एका डोळ्यावरून दुसऱ्या डोळ्यावर गेली, हे बोटांना कुठून कळणार? तिने तेच बटण आत्ता पुन्हा दाबलं. खिसा डावीकडे आला. बटणं जागेवर आली. पट्टी डाव्या डोळ्यावर बसली.

तिने डोळे मिटले आणि हात जोडले. काही मागितलं नाही, फक्त जोडले.

सासूबाई कंबरेवर हात ठेवून पाहत होत्या. "म्हणजे बाईचा हात बरोबर, आणि चुकला तो आमच्या सुनेचा."

"हो."

"मग बरं झालं. तुझी चूक पुसता येते. जा, पळ. आणि शर्ट घेऊन जा, त्यांना दाखवायला लागेल."

इस्त्री केलेला शर्ट हँगरसकट हातात धरून ती भर बाजारातून गेली. लोकांनी पाहिलं, तिला पर्वा नव्हती.

डॉक्टरीणबाई त्यांच्या खोलीत खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. फोटोताईने टेबलावर लॅपटॉप ठेवला, शेजारी शर्ट पसरला आणि एकही शब्द न खाता सांगून टाकलं. बाईंनी शर्टाकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, पुन्हा शर्टाकडे पाहिलं. मग चष्मा काढला आणि दोन्ही तळहात तोंडावर धरून कितीतरी वेळ तशाच बसल्या. त्यांचे खांदे हलत होते. फोटोताईला वाटलं, रडतायत. हात बाजूला झाले तेव्हा दिसलं, त्या हसतही होत्या.

"सकाळपासून मी माझ्या हातांकडे बघतेय, ताई," त्या म्हणाल्या. "माझे नाहीतच असं वाटत होतं."

"मला माफ करा, बाई."

"करेन हो, आधी जरा श्वास घेऊ दे." त्यांनी बेल वाजवली. "सिस्टर, उद्याचं थिएटर लावा. आणि मला चहा सांगा. साखर घालून."

व्यवस्थापक धावत आले. ऐकून त्यांचाही जीव भांड्यात पडला, पण लगेच दुसरी काळजी उभी राहिली.

"उत्तम झालं. आता असं करू. फ्लेक्स गुपचूप उतरवू, पेजवरचा फोटो काढून टाकू. दुसऱ्या कुणाचा तरी लावू. चार दिवसांत लोक विसरतील."

"विसरणार नाहीत," फोटोताई म्हणाली. "काढला म्हणजे लपवला म्हणतील."

"आणि सांगितलं, तर काय म्हणतील? हॉस्पिटलवाले फोटोत फेरफार करतात. ताई, तुम्हीच एवढी वर्षं संस्थेचं नाव जपलंत. आणि तुमचा स्वतःचा विचार करा. कार्यकारिणीत कुणी म्हणालं की हिला काढा, तर मी काय उत्तर देऊ?"

हा विचार तिला वाटेतच येऊन गेला होता. काम गेलं तर वाईट वाटलं असतं, फार वाटलं असतं. पण सकाळी बाकावरून उठून गेलेली ती म्हातारी तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

"खरं आहे ते लिहू या, साहेब. दोन्ही फोटो शेजारी लावू. उलटा आणि सुलटा. खाली लिहू, चेहरा आत बघावा म्हणून फोटो पलटवला, ऑपरेशन डाव्याच डोळ्याचं झालं. खिसा बघा म्हणजे पटेल. चूक फोटो लावणारीची, डॉक्टरांची नाही."

"लोक हसतील आपल्याला."

"हसू देत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घाबरण्यापेक्षा हसलेले बरे. लिहा, ताई. फक्त 'लावणारीची' नको, 'आमची' लिहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर नवा फ्लेक्स लागला आणि पहिल्यापेक्षा दुप्पट गर्दी जमली. लोक आधी फ्लेक्सकडे बघत, मग स्वतःच्या छातीकडे, मग शेजाऱ्याच्या छातीकडे. भाजीवाल्या बाईने रस्त्याने जाणाऱ्या एका रिक्षावाल्याला थांबवून त्याचा खिसा तपासला. बरेचजण हसले. थोडे म्हणाले, "आता काहीही सांगतील, घड्याळजी आले की बघू." बाकांवर नेहमीपेक्षा माणसं कमीच होती. पण होती.

आणि घड्याळजी आले. त्यांच्या मुलीच्या गावापर्यंत बातमी पोचली होती की तुझ्या बापाचे दोन्ही डोळे गेले. ती ऐकून म्हातारा तडक निघाला. काळा चष्मा लावून ते फाटकाशी उतरले, फ्लेक्सपुढे कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "या उलट्या फोटोत मी जरा बरा दिसतो."

गर्दीने त्यांना घेरलं. कुणीतरी म्हणालं, चष्मा काढा. त्यांनी काढला. डावा डोळा थोडा लाल, उजवा जसाच्या तसा.

"काका, दिसतं का?"

"तुझ्या शर्टावर डाळ सांडली आहे तेवढं दिसतं."

डॉक्टरीणबाई वरून जिना उतरून आल्या होत्या. घड्याळजींनी त्यांना नमस्कार केला. बाईंनी त्यांना आत तपासणीच्या खोलीत नेऊन खुर्चीवर बसवलं, हनुवटी धरली, टॉर्च मारून आधी एक आणि मग दुसरा डोळा पाहिला. पाहायची गरज नव्हती, तरी पाहिला. टॉर्च बंद करताना त्यांनी सोडलेला श्वास खोलीतल्या सगळ्यांना ऐकू आला.

"उजवा डोळा म्हणजे माझं दुकान आहे, बाई," घड्याळजी म्हणाले. "त्याच्यावर कुणी सुरी आणली असती तर मी तिथेच ओरडलो नसतो का? लोकांना माझ्या जिभेवर तरी विश्वास हवा होता." मग ते फोटोताईकडे वळले. "आणि तू पोरी, पुन्हा मला फिरवायचं असेल तर आधी विचारत जा. मी स्वतःहून वळलो असतो."

ती म्हातारीही मुलाचा हात धरून परत आली. थिएटरमध्ये जाण्याआधी तिने बाईंना बजावलं, "माझा उजवा बरं का," आणि बाईंनी तिच्या भुवईवर पेनाने खूण केली आणि तिलाच आरसा दिला. म्हातारी आरशात बघून म्हणाली, "हा तर डावा दिसतोय." सगळा वॉर्ड हसला. मग बाईंनी तिचं बोट धरून खुणेवर टेकवलं आणि तिची खात्री पटली.

कार्यकारिणीत फोटोताईचा विषय निघाला, कुणी दोन शब्द लावले, व्यवस्थापकांनी चार परतवले, आणि ते तिथेच मिटलं. तिने मात्र स्वतःहून नियम घालून घेतला. मूळ फोटो पुसायचा नाही आणि पेशंटचा चेहरा पलटवायचा नाही. तो पानाबाहेर बघत असेल तर बघू दे, अक्षरं पलीकडे न्यायची. स्टुडिओवाल्या काकांना हे पटलं नसतं. त्यांच्या हाताखाली लग्नाची जोडपी होती, मोतीबिंदू नव्हते, असं म्हणून तिने मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला.

त्या आठवड्याच्या शेवटी ती पुन्हा इस्त्रीला उभी होती. तोच शर्ट होता. नवऱ्याने तो हौसेने दोनदा घातला होता आणि ऑफिसात सगळ्यांना सांगितलं होतं की हा साक्षीदार आहे. उसवलेली शिवण सासूबाईंनी घातली होती. या वेळी दोन्ही बाह्या झाल्या, पाठ झाली, खिसा झाला. तिने तो खुंटीला लावला आणि चपला घातल्या.

"आता कुठे निघालीस?" सासूबाईंनी विचारलं.

स्वयंपाकघरातलं घड्याळ बंद पडलं होतं. ते तिने भिंतीवरून काढून पिशवीत घातलं. घड्याळजींचं दुकान उघडलं होतं, तिथे ते दुरुस्तीला टाकायचं होतं.